शाळेच्या परसबागेतील वेलींचा मांडव

शाळेच्या परसबागेत दोडका, कारले, वाल यांच्या वेली हौसेने लावल्या जातात. श्रावण-भाद्रपदात वेली पावसाने भिजतात, फळांचा भार वाढतो, वारा सुटतो आणि ऐन तोडणीच्या वेळी मांडव एका अंगास कलून कोसळतो. मुलांचे दोन महिन्यांचे श्रम मातीस मिळतात. हे टाळण्यास अधिक पैसा लागत नाही. बांधणीचे एक साधे तत्त्व ध्यानी घ्यावे लागते.

तत्त्व : चार काटक्यांची टोके बांधून चौकोन करावा व विद्यार्थ्यांस तो दाबावयास सांगावे. चौकोन तिरपा होतो. तीन काटक्यांचा त्रिकोण मात्र काटकी मोडल्याखेरीज आकार सोडीत नाही. म्हणून मांडवाच्या चौकटीत तिरप्या काठ्या घालून त्रिकोण निर्माण करावेत.

साहित्य : २.४ मीटर लांबीचे सहा बांबू, ४ मीटरचे दोन, ३ मीटरचे तीन, पाऊण मीटरच्या आठ तिरप्या काठ्या, काथ्याचा दोर व सुतळी. बांबू आधी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून सावलीत वाळविल्यास त्यातील पिष्ट कमी होते व भुंगा कमी लागतो. वेल चढविण्यास तुरकाट्या वापराव्यात. पऱ्हाट्या टाळाव्यात; त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

आखणी : जागा ३ मीटर × ४ मीटर घ्यावी. दोन्ही कर्ण बरोबर ५ मीटर भरले म्हणजे चारही कोन काटकोन झाले असे समजावे. मांडव बागेच्या उत्तर बाजूस असावा. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडत असल्याने मेथी-पालकाच्या वाफ्यांचे ऊन अडत नाही.

बांधणी : चार कोपऱ्यांत व लांब बाजूंच्या मध्यावर ६० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. काळी जमीन भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. म्हणून खांबाभोवती मुरूम व दगडगोटे घालून चांगले ठोकावेत आणि बुंध्याशी मातीचा उंचवटा करावा. बांबूचे वरचे टोक पेऱ्याच्या गाठीलगत कापावे, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही व डासही होत नाहीत. आडवे बांबू बांधून प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही दिशांस एकेक तिरपी काठी द्यावी. नंतर २० सेंटिमीटर अंतराने सुतळीची जाळी विणावी. ही सुतळी दर हंगामी बदलावी. लाल भोपळ्यासारखी जड फळे मांडवावर न घेता जमिनीवरच वाढू द्यावीत.

पाठाशी सांगड : वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. मांडव या दोहोंस उपयोगी पडतो. जाळीस किती सुतळी लागेल, हे सुतळी आणण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. लांबीच्या १४ ओळी ५६ मीटर होतात. रुंदीच्या ओळी १९ भरतात. परंतु मधल्या आडव्या बांबूमुळे एक ओळ वाचते, म्हणून १८ ओळी ५४ मीटर होतात. एकूण ११० मीटर. गाठींसाठी लागणारी सुतळी निराळी. वजाबाकीची ती एक ओळ जो विद्यार्थी स्वतः शोधील, त्याचा पाठ पक्का झाला.

दक्षता : कोयत्याचे व उंचावरील काम मोठ्यांनीच करावे. मुलांस मांडवावर चढू देऊ नये. खालचे गवत काढीत जावे. दर शनिवारी गाठी तपासाव्यात व मोठ्या पावसानंतर प्रत्येक खांब हलवून पाहावा. तोडलेली भाजी मोजून तिची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी व ती दुपारच्या आहारात द्यावी.

प्रश्न : (१) कर्णांची लांबी असमान आल्यास आखणीत कोणता दोष राहिला असेल? (२) मधला आडवा बांबू नसता तर सुतळी किती लागली असती? (३) गावातील बैलगाडी, छप्पर व सायकल यांत त्रिकोण कोठे आढळतो?