गोव्यासाठी 'नाटो' का धावून आली नाही?

प्रश्न : पोर्तुगाल हा 'नाटो'चा संस्थापक सदस्य. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, असे हा करार सांगतो. मग डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात शिरले तेव्हा 'नाटो' स्वस्थ का बसली? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुम्ही सांगता ते कराराचे पाचवे कलम. तुमच्या प्रश्नाचे उत्तर सहाव्यात आहे. त्यात संरक्षणाची हद्दच आखून दिली आहे : सदस्य देशांचा युरोपातला व उत्तर अमेरिकेतला प्रदेश, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेला अल्जेरिया आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटे. गोवा यात कुठेच बसत नाही. अमेरिकेचे हवाईसुद्धा बसत नाही.

हे कुंपण विचारपूर्वक घातलेले होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली, जूनमध्ये स्टालिनने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या पश्चिम युरोपला अमेरिकेची हमी हवी होती. ती द्यायला अमेरिका तयार झाली, पण युरोपीयांच्या वसाहती राखण्यासाठी लढायची तिची तयारी नव्हती. ४ एप्रिल १९४९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये सह्या केल्या. पाचवे कलमही वाटते तितके कडक नाही. मदत करायची हे नक्की, पण ती सैन्य पाठवून की आणखी कशी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. युद्ध पुकारण्याचा अमेरिकी काँग्रेसचा अधिकार सिनेटला गमवायचा नव्हता.

सैन्य आले नाही म्हणून पोर्तुगाल अगदीच एकाकी होता असेही नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे, या ठरावाच्या बाजूने अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सने मत दिले. तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या सालाझारच्या हुकूमशाहीची पाठराखण करावी, हे मला आजही खटकते.

करार झाल्यापासून हद्द बदलत गेली. १९५२ मध्ये तुर्कस्तान आत आला, १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातले देश आले, युक्रेनवरच्या रशियन आक्रमणानंतर फिनलंड व स्वीडन. आज सदस्य ३२ आहेत. दक्षिणेची मर्यादा मात्र टिकली. म्हणूनच १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड घेतले तेव्हाही पाचवे कलम लागू झाले नाही. ते आजवर एकदाच लागू झाले आहे : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, खुद्द अमेरिकेसाठी.