हिरड्यांच्या विकारांवरील चिकित्सा-संशोधन : औषधाचा वाटा नेमका किती?

दात घासताना रक्त येते, तोंडाला दुर्गंधी येते, हिरड्या सुजल्या आहेत, दात हलू लागले आहेत, अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक चिकित्सकाच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांना आपण गण्डूषासाठी क्वाथ देतो, प्रतिसारणासाठी चूर्ण देतो, पथ्य सांगतो. आठ-पंधरा दिवसांत रक्त येणे कमी होते, रुग्ण समाधान व्यक्त करतो आणि औषधास यश आले अशी आपली धारणा होते. परंतु रक्त थांबले म्हणजे व्याधी थांबला असे म्हणता येईल काय? व्याधी थांबला असल्यास तो औषधाने थांबला की त्याच काळात रुग्ण अधिक काळजीपूर्वक दात घासू लागला म्हणून थांबला? या दोन प्रश्नांची उत्तरे चिकित्सालयीन संशोधनाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हे प्रश्न केवळ अभ्यासकांपुरते नाहीत. त्यांच्या उत्तरांवर रुग्णाचे दात राहणे वा जाणे अवलंबून आहे.

संहितोक्त क्रम

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोगांचे निदान व चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात त्यांची चिकित्सा वर्णिलेली आहे. एकूण ६५ मुखरोगांपैकी १५ दंतमूलगत आहेत. शीताद, दंतवेष्ट, सौषिर, महासौषिर, परिदर, उपकुश हे त्यांपैकी प्रमुख होत. शीतादात अकस्मात रक्तस्राव, दुर्गंधी, क्लेद व मृदुता ही लक्षणे असून कफ व रक्त यांची दुष्टी सांगितली आहे. दंतवेष्टात पूययुक्त रक्तस्राव व दात हलणे, तर उपकुशात दाह, पाक व दात हलणे ही लक्षणे आहेत. व्यवहारात आपण शीतादाची तुलना जिंजिव्हायटिसशी आणि दंतवेष्ट व उपकुश यांची तुलना पेरिओडोंटायटिसशी करतो. ही तुलना उपयुक्त आहे. मात्र दोन्ही शास्त्रांतील संज्ञा तंतोतंत समानार्थी आहेत असे मानू नये.

येथे चिकित्सेचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शीतादात प्रथम रक्तमोक्षण, त्यानंतर शुंठी, सर्षप, त्रिफला, मुस्ता यांच्या क्वाथाचे रसांजनयुक्त गण्डूष असा क्रम आहे. दंतवेष्टातही विस्रावणानंतर लोध्र, पत्तंग, यष्टिमधु, लाक्षा यांचे मधासह प्रतिसारण आहे. दातांवर साठून कठीण झालेल्या मलास सुश्रुताचार्य दंतशर्करा म्हणतात आणि दंतमूलास इजा न होऊ देता ती काढून टाकावी, नंतर लाक्षाचूर्ण मधासह लावावे, असे सांगतात. शस्त्रांच्या गणनेत दंतशंकूचा अंतर्भाव आहे, तो याच आहरणकर्मासाठी. तात्पर्य, आधी शोधन वा आहरण व मग औषध हा क्रम आपल्याच शास्त्राचा आहे. आधुनिक संशोधनही स्वतंत्र मार्गाने याच निष्कर्षाप्रत आले आहे.

प्लाक आणि हिरडी यांचा संबंध

इ. स. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मूलगामी प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दात स्वच्छ करणे पूर्णतः थांबविण्यास सांगण्यात आले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांस शोथ आला. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कोणतेही औषध दिले नव्हते. दातांवरील जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच हिरड्यांच्या सामान्य शोथाचे साक्षात कारण आहे, हे यातून सिद्ध झाले.

या प्रयोगाचा दुसरा बोध औषधांच्या परीक्षकांसाठी आहे. केवळ नीट दात घासल्याने आठवड्यात शोथ जात असेल, तर अभ्यासात सहभागी झालेल्या, तपासणी होणार हे ठाऊक असलेल्या रुग्णाच्या हिरड्या कोणत्याही मंजनाने सुधारलेल्या दिसणारच. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ती सुधारणा मंजनाच्या नावे जमा होते.

लो यांनीच श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० पुरुष कामगारांचे १९७० पासून १५ वर्षे निरीक्षण केले. या कामगारांत दात स्वच्छ करण्याची रीत जवळजवळ नव्हती. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ८ टक्के व्यक्तींत दातांचा आधार झपाट्याने नष्ट झाला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांत हिरड्यांच्या शोथापलीकडे व्याधी गेलाच नाही. मल सर्वांच्या दातांवर होता, परिणाम मात्र भिन्न झाला. प्रकृती, बल व व्याधिक्षमत्व यांचा विचार करणाऱ्या वैद्यास यात नवल वाटणार नाही. पण त्याचबरोबर हेही उमजावे की एखाद्या रुग्णाचे दात औषधाविनाही टिकले असते. म्हणून एक-दोन रुग्णांच्या अनुभवावरून औषधाचे मूल्य ठरविता येत नाही.

मोजमाप कशाचे?

हिरड्यांच्या अभ्यासात तीन गोष्टी मोजल्या जातात. पहिली, प्लाकचे प्रमाण. दुसरी, हिरडीचा शोथ. लो व सिल्नेस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात त्याला ० ते ३ गुण देतात : ० म्हणजे निरोगी हिरडी, १ म्हणजे सौम्य शोथ पण स्पर्शाने रक्त नाही, २ म्हणजे स्पर्शाने रक्त येणे, ३ म्हणजे आपोआप रक्त येण्याची प्रवृत्ती. तिसरी गोष्ट म्हणजे दात व हिरडी यांमधील फटीची खोली आणि दाताशी असलेल्या आधाराची हानी. बोथट, खुणा केलेल्या एषणीने ती मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारणतः ३ मिलिमीटरपर्यंतची खोली स्वाभाविक समजली जाते.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी काही दिवसांत बदलतात. तिसरीत बदल दिसण्यास काही महिने लागतात. दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासात शोथ कमी झाल्याचे दिसले तर ते शीतादसदृश अवस्थेपुरतेच खरे मानावे. त्यावरून हलणारे दात स्थिर होतील असा दावा करणे योग्य नाही. गण्डूषाचा द्रव खोल फटीच्या तळापर्यंत पोहोचत नाही, हेही येथे ध्यानात असावे. नष्ट झालेले अस्थी केवळ गण्डूषाने परत येत नाही.

आयुर्वेदीय द्रव्यांवरील अभ्यास

मुखधावनाच्या अभ्यासांत क्लोरहेक्सिडिन हे द्रव्य तुलनेचा मापदंड मानले जाते. त्याची प्लाकरोधक क्षमता १९७० पासून सुविदित आहे. मात्र दीर्घकाल वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बदलते. त्यामुळे पर्यायाचा शोध सुरू झाला आणि त्यात आपली द्रव्ये पुढे आली.

त्रिफळ्याविषयीचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८ ते १२ वर्षे वयाच्या १४३१ विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले : त्रिफळायुक्त मुखधावन, क्लोरहेक्सिडिन व साधे ऊर्ध्वपातित जल. प्लाक व हिरड्यांचा शोथ यांबाबत त्रिफळा व क्लोरहेक्सिडिन यांत लक्षणीय अंतर आढळले नाही. हरिद्रेच्या मुखधावनावर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १०० व्यक्तींच्या २१ दिवसांच्या अभ्यासातही शोथाबाबत दोन्ही द्रव्ये तुल्यबल दिसली. निंबपत्रांच्या अर्काचे जेल ३६ पुरुषांत सहा आठवडे वापरल्याचा अभ्यास २००४ चा आहे. त्यातही प्लाक कमी झाल्याची नोंद आहे. तिळतेलाच्या गण्डूषावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास केवळ २० किशोरवयीन मुलांवर १० दिवस झाला.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, पण त्यांच्या मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. बहुतेक अभ्यास अल्पकालीन आहेत व सौम्य अवस्थेतील व्यक्तींवर झाले आहेत. शिवाय लहान अभ्यासात दोन औषधांत फरक न दिसणे आणि दोन्ही औषधे समान असणे या भिन्न गोष्टी आहेत. रुग्णसंख्या अल्प असेल तर खरा फरकही दृष्टीस पडत नाही. क्वाथाचा वर्ण व रस लपविणे कठीण असल्याने रुग्णास आपला गट कळतो. म्हणून निदान परीक्षकास तरी तो कळू नये अशी योजना हवी. द्रव्याचे प्रमाण, क्वाथाची तीव्रता, तसेच मुख पूर्ण भरून धारण केलेला गण्डूष की मुखात फिरविलेला कवल, हे अनेक शोधनिबंधांत नमूद नसते. ते नमूद नसेल तर आपल्या चिकित्सालयात त्या अभ्यासाचे अनुकरण कसे करणार?

सहअस्तित्व आणि कारण

हिरड्यांचे विकार व अन्य व्याधी यांच्या संबंधाविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. तेथे दोन उदाहरणे मार्गदर्शक ठरावीत. हिरड्यांच्या व्याधीने ग्रस्त गर्भिणींत अकाली प्रसूती अधिक आढळते असे अनेक निरीक्षणांत दिसले होते. म्हणून अमेरिकेत ८२३ गर्भिणींवर यादृच्छिक अभ्यास झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार गर्भावस्थेतील उपचाराने हिरड्या सुधारल्या, परंतु अकाली प्रसूतीचे प्रमाण घटले नाही. उलटपक्षी मधुमेहाविषयी २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत, हिरड्यांच्या उपचारानंतर ३ ते ४ महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ टक्के अंशांनी कमी झाल्याचे आढळले. म्हणजे एका ठिकाणी संबंध असूनही लाभ नाही, दुसऱ्या ठिकाणी लाभ आहे. निर्णय तर्काने नव्हे, तुलनात्मक अभ्यासानेच होतो.

चिकित्सकांसाठी

१) तंबाखू सेवन करणाऱ्या रुग्णास आवर्जून विचारावे. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तस्राव कमी दिसतो, पण आधाराची हानी मात्र अधिक होते. आपल्याकडे स्त्रियांत मशेरी लावण्याची सवय आजही आढळते. रक्त येत नाही म्हणून हिरड्या ठीक आहेत असे मानणे येथे घातक ठरते.

२) कषाय रसाची द्रव्ये स्तंभन करतात. दंतशर्करा तशीच ठेवून केवळ स्तंभन केल्यास व्याधीची सूचना देणारे लक्षण नाहीसे होते, व्याधी आतून वाढत राहतो. म्हणून दातांवर कीटण दिसताच स्केलिंगसाठी रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे व त्यानंतर गण्डूष-प्रतिसारणाची योजना करावी.

३) फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, निफेडिपिन व ॲम्लोडिपिन या औषधांनी हिरड्या वाढतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी रक्तस्राव होतो. रुग्णाची चालू औषधे पाहिल्याविना निदान करू नये.

४) हिरड्यांतून अकस्मात व पुष्कळ रक्त येणे, सोबत ज्वर, पांडुता वा अंगावर नीलवर्ण डाग असणे, ही रक्ताच्या गंभीर व्याधीची चिन्हे असू शकतात. अशा रुग्णाची रक्तपरीक्षा त्याच दिवशी करवावी. येथे गण्डूषाने काळ दवडू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

हिरड्यांच्या तक्रारीचा रुग्ण बहुधा प्रथम औषधाच्या दुकानातच येतो. दंतमंजन मागणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न विचारावेत : रक्त किती दिवस येत आहे? दात हलतात काय? दोन आठवड्यांहून अधिक काळ रक्त येत असेल अथवा दात हलत असतील तर मंजनाच्या डबीसोबत तपासणीचा सल्लाही द्यावा. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी केली आहे. स्थानिक बनावटीचा माल ठेवताना घटकांची खात्री करून घ्यावी. क्लोरहेक्सिडिन मागणाऱ्या ग्राहकास, दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपलीकडे ते वापरू नये, हे सांगावे.

आपल्या चिकित्सालयातील अभ्यास

मोठी साधनसामग्री नसतानाही उपयुक्त अभ्यास करता येतो. स्केलिंग झालेल्या व दात घासण्याची एकच पद्धत शिकविलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकास त्रिफळा क्वाथाचे गण्डूष, दुसऱ्यास कोमट जलाचे गण्डूष द्यावे. पहिल्या दिवशी, २१ व्या दिवशी व तीन महिन्यांनी हिरड्यांचा निर्देशांक व फटीची खोली नोंदवावी. नोंद घेणारा दंतवैद्य गटाविषयी अनभिज्ञ असावा. नैतिक समितीची अनुमती, रुग्णाची लेखी संमती व भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत आधी नोंदणी या गोष्टी आवश्यक होत. ही नोंदवही २००७ पासून उपलब्ध आहे. अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णांची संख्याही निष्कर्षात द्यावी. लाभ न झालेलेच बहुधा सोडून जातात.

अशा अभ्यासात दोन गटांत उरणारे अंतर हाच औषधाचा खरा वाटा होय. तो अल्प निघाला तरी शास्त्राचा उणेपणा नव्हे, कारण शास्त्राने औषधास आहरणानंतरचे स्थान दिलेले आहे. तो लक्षणीय निघाला तर ती गोष्ट जगापुढे निःशंकपणे मांडता येईल. दोन्ही प्रसंगी लाभ रुग्णाचाच आहे, आणि म्हणूनच हा परिश्रम आपण केला पाहिजे.