कांदाभज्यांचा हिशेब

नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगाव लागते. हे गाव नेवासे तालुक्यात आहे. इथला कांद्याचा बाजार मोठा. इथूनच शनिशिंगणापूरला फाटा फुटतो. रस्त्याला माणसांची ये-जा फार. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. बोलताना माणसे अजून नगरच म्हणतात.) अशा ठिकाणी भज्यांचा गाडा चालतो, यात नवल नाही. नवल हे, की गाड्यावर गर्दी असते आणि तरी घरात पैसा उरत नाही. वाण्याची उधारी मात्र वाढत जाते.

समजा, नवरा-बायको मिळून असा गाडा चालवतात. सांजच्याला बायको गल्ला मोजते. “अहो, नऊशे साठ आले की आज!” नवरा म्हणतो, “आले खरे. पण गेले किती, ते सांग ना!”

चला, आपण मांडून पाहू. भाव रोज बदलतात, म्हणून इथे सोपे आकडे घेतले आहेत. तुमच्या बाजारचे भाव तुम्ही घाला.

कांदा ४ किलो, दर २५ : १०० रुपये
बेसन २ किलो, दर १०० : २०० रुपये
तेल दीड किलो, दर १५० : २२५ रुपये
मिरची, कोथिंबीर, ओवा, हळद, मीठ : ४५ रुपये
गॅस : १२० रुपये
कागदी ताटल्या : ३० रुपये
एकूण : ७२० रुपये

एवढ्या मालात ६० प्लेटी झाल्या. ७२० ला ६० ने भागा. एका प्लेटीला १२ रुपये खर्च आला. विक्री २० रुपयांना. म्हणजे प्लेटीमागे ८ रुपये सुटले असे वाटते. पण त्या दिवशी १२ प्लेटी उरल्या. खपल्या ४८ च. उरलेली भजी फुकट गेली, पण त्यांचे बेसन-तेल फुकट आले नव्हते. आता ७२० ला ४८ ने भागा. खपलेली प्लेट १५ रुपयांना पडली. गल्ल्यात ९६०, खर्च ७२०, उरले २४०. दोन माणसे दिवसभर राबली. प्रत्येकाची मजुरी १२० रुपये झाली! दुसऱ्याच्या रानात गेलो असतो तर किती मिळाले असते, हे ज्याचे त्याने मनाशी ताडून पाहावे.

गॅसचे १२० रुपये कसे काढले? टाकी १८०० रुपयांची आणि १५ दिवस पुरली असे धरले. टाकी लावली की तारीख लिहायची, संपली की पुन्हा लिहायची. एवढेच काम.

तेलाचा हिशेब जरा अवघड, आणि लोक तिथेच फसतात. सकाळी कढईत ४ किलो तेल ओतले. रात्री तेल पुरते थंड झाल्यावर तोलले, ते अडीच किलो भरले. दीड किलो भज्यांनी प्याले. हे डोळ्यांनी दिसत नाही, काट्यावरच कळते. उरलेले तेल काळे पडले असेल तर ते शिल्लक धरू नका. तेल वारंवार तापवले की नासते. किती नासलेले तेल तळायला चालणार नाही, याचा सरकारी नियम २०१८ सालापासून आहे. टाकून दिलेले तेलही खर्चातच लिहा.

आणखी एक गोष्ट. पिशवीवर १ लिटर लिहिलेले असते. लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. १५ लिटरचा डबा साडेतेरा किलोच्या थोडा वर भरतो. दोन डब्यांचे भाव विचारताना आधी विचारा : “डबा किलोचा की लिटरचा?”

कांदा घरचा असेल तर पुष्कळ जण लिहीतच नाहीत. म्हणतात, घरचाच आहे! पण तोच कांदा बाजारात नेला असता तर पैसे आले असते. त्या दिवशीच्या लिलावाचा भाव धरा. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडतो. ५ किलो आणून ४ किलोच हाती लागला, तर २५ चा कांदा सव्वाएकतीस रुपये किलो पडला.

भाव का हलतात? आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने त्यावरची जकात वाढवली, मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरची पुन्हा कमी केली. कांद्याचे उलट झाले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव पडले. शेतकरी रडला, भजीवाल्याचे साधले. बंदी मे २०२४ मध्ये उठली. दिल्लीतला हुकूम असा आपल्या कढईपर्यंत येतो. म्हणून आठवड्याच्या बाजाराला प्रत्येक जिन्नसाचा भाव नव्याने लिहावा.

मुंबईत गिरगावला १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. पहिल्या वर्षाची त्यांची विक्री ६,१९६ रुपये होती. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, कारण तो तेव्हा कोणीतरी वहीत लिहिला.

आता तुमची वही घ्या. वरच्याच हिशेबात कांदा ६० रुपये किलो झाला. बाकी भाव तेच. साठही प्लेटी खपल्या. एका प्लेटीला खर्च किती आला?

(उत्तर : १४ रुपये ३३ पैसे.)