जुनी चित्रफीत : दुरुस्ती की रंगरंगोटी ?

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, सनदा नि दफ्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. या यादीत जुन्या चित्रफितीचीही गणना व्हावी, असे मला वाटते. मात्र मग तिची दुरुस्तीही पुराव्याला धक्का न लावता व्हायला हवी.

एक उदाहरण घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या माइल्स बंधूंनी ट्रामच्या पुढच्या टोकाला कॅमेरा ठेवून मार्केट स्ट्रीट या हमरस्त्याचे चित्रण केले. घोडागाड्या, मोटारी, सायकली, रुळांवरून बेफिकीरपणे धावणारी पोरे, असे सारे शहर त्यात दिसते. हे चित्रण सप्टेंबर १९०५ चे, असा बरीच वर्षे समज होता. डेव्हिड कीन या अभ्यासकाला शंका आली. रस्त्यावर पाण्याची डबकी दिसत होती. पण त्या सुमारास पाऊस पडल्याची वर्तमानपत्रांत नोंद नव्हती. मोटारींच्या पाट्यांवरचे क्रमांक त्याने नोंदणीशी ताडून पाहिले. ते १९०६ च्या आरंभीचे निघाले. म्हणजे १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाआधी अवघ्या काही दिवसांचे हे शहर ! भूकंपाने व पाठोपाठच्या आगीने तो रस्ता उद्ध्वस्त झाला. फीत आधीच न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती, म्हणून वाचली.

अशी नायट्रेटची फीत आकसते, चिकट होते, झटकन पेट घेते. तिची नवी प्रत काढताना ती विशिष्ट द्रवातून नेतात. ओरखडे द्रवाने भरतात व प्रतीत उमटत नाहीत. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चित्रे निघत. ती चोवीसच्या गतीने दाखवली की माणसे उगाच पळताना दिसतात. तो वेग मूळपदावर आणणे, ही खरी दुरुस्ती.

आज संगणक याही पुढे जातो. तो रंग भरतो, दोन चित्रांच्या मधली चित्रे स्वतः रचतो, पुसट ते ठळक करतो. पाहताना मौज वाटते, हे मी नाकारीत नाही. पण तो रंग कोणत्या पुराव्यावर ? डबके डाग समजून पुसले, पाटीवरचा आकडा अंदाजाने गिरवला, तर कीनने शोधलेली तारीख कशावरून ठरणार ? त्याच त्या मोटारी कॅमेऱ्याभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात, हेही याच फितीत बारकाईने पाहणाऱ्यालाच कळले.

संहितेचा संपादक आपली दुरुस्ती कंसात देतो व पाठभेद तळटीपेत नोंदवतो. चित्रफितीलाही हाच नियम लावावा. मूळ फीत जशीच्या तशी जपावी, दुरुस्त प्रत वेगळी ठेवावी, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

आपल्या सावेदादा भाटवडेकरांनी १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रण केले होते. ते आज उपलब्ध नाही. जे हरवले त्याची दुरुस्ती कोणालाच करता येत नाही. जे उरले आहे त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.