गंधरस म्हणजे आपला हिराबोळ



ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले (मत्तय २:११). सोने सगळ्यांना ठाऊक आहे, ऊद आपण मिस्साच्या वेळी पाहतो. गंधरस मात्र परका वाटतो. खरे तर आपल्या आजी-पणजी बाळंतिणीला जो हिराबोळ देत, तोच हा.

सोमालिया, इथिओपिया, येमेन येथील कोरड्या माळावरच्या काटेरी झाडाचा हा चीक. सालीला चीर पडली की चीक पाझरतो आणि वाळून त्याचे तांबूस खडे होतात. आपण लाडवात घालतो तो धावड्याचा डिंक पाण्यात मिसळतो, राळ मात्र विरघळत नाही. हिराबोळात डिंक, राळ आणि सुगंधी तेल अशी तिन्ही असतात. चव अतिशय कडू. हिब्रू ‘मोर’ आणि अरबी ‘मुर्र’ ही त्याची नावे कडूपणावरूनच आली. कच्छ-राजस्थानातला गुग्गुळ त्याचाच भाऊबंद.

पवित्र शास्त्रात तो अभिषेकाच्या तेलात आहे (निर्गम ३०:२३). क्रूसावर खिळण्याआधी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही (मार्क १५:२३). दफनाच्या वेळी निकदेमाने गंधरस व अगरू यांचे मिश्रण आणले, आजच्या मापाने तीस किलोंहून अधिक (योहान १९:३९).

तत्त्वज्ञानात विचारतात, वस्तू कशासाठी आहे? झाडाला हा चीक जखम बुजवण्यासाठी लागतो. माणसानेही तो सुजलेल्या हिरड्यांना, जखमांना, बाळंतिणीला आणि मृतदेहाला वापरला. म्हणून ही भेट सांगते की या बाळाने आपल्यासारखाच, दुखणारा आणि मरणारा देह घेतला आहे.

देहाचा मान राखायचा तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. हिराबोळाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदरपणी तो मुळीच घेऊ नये. दुकानात काळाबोळही मिळतो. तो कोरफडीचा वाळवलेला रस, वस्तूच वेगळी. तोही गरोदर बाईला देऊ नये. बाळंतपणानंतर गुळातून बोळाची गोळी देण्याची जुनी रीत आहे, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. अंगावरून जास्त जाऊ लागले किंवा ताप आला, तर गोळीवर विसंबू नका. लगेच १०८ क्रमांकाला फोन करा, आशाताईंना कळवा.

घरी चर्चेसाठी: आपल्या वाडीत आज कोणाच्या दुखऱ्या देहाची काळजी घ्यायला हवी? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?