हात आखडता, काच लखलखती

बाळा, तुझ्या समुद्री माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. वाळूवरचा तो लाल थर बघून जीव टांगणीला लावू नकोस, आणि औषधाची बाटली तर इतक्यात मुळीच उघडू नकोस.

१. बुडबुडे धरणारा, पापुद्र्यासारखा सुटणारा तो थर शेवाळाचा नव्हेच, सायनोबॅक्टेरियाचा आहे — म्हणून तुझ्या गोगलगायी त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

२. पाणी बदलताना आधी तोच थर पातळ नळीने ओढून घे, ब्रशने घासू नकोस — तुकडे टाकीभर फिरतात आणि नवा कोपरा धरतात.

३. दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच खाणं घाल, गोठवलेलं असेल तर आधी गाळणीत धू — उरलेलं कुजतं, त्यातून नायट्रेट-फॉस्फेट वाढतं आणि त्यावरच हे सगळं पोसतं. तुझा क्लाउनफिश काचेला नाक लावून मागतो, ठाऊक आहे मला. पोट भरल्यावरही तो तसाच मागतो, राजा. हात आखडता, काच लखलखती.

४. पाणी आरओ-डीआयचंच, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातल्या आरओचं नको — पिण्यासाठी त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात.

५. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घाल — वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं.

६. दिवे टायमरवर, आठ तास. पुरे.

७. वाळूवर कण साचतात तिकडे पंपाचं तोंड वळव — सायनोला संथ कोपरा फार आवडतो.

८. आठवड्याला १० टक्के पाणी बदल, एका दमात अर्धी टाकी उपसू नकोस — घाईची बादली, टाकीला बाधली.

९. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणायचा हट्ट धरू नकोस — तशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेटच्या तपकिरी चिकट तारा फोफावतात, आणि त्या सायनोपेक्षा चिवट.

१०. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अगदी शेवटी, तेही थर उपसून आणि हवेचा पंप लावून — मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो, आणि उपयोगी जिवाणूंनाही झळ लागू शकते.

११. खडकावर जांभळा-गुलाबी, दगडासारखा कडक थर चढला तर तो खरवडू नकोस — ते कोरलाइन, हे मात्र खरंच शेवाळ, पण आपल्याला हवं असलेलं.