ओठांच्या कोपऱ्यांची तक्रार

देहाच्या मोठ्या व्याधींची कैफियत आपण वैद्यापुढे सविस्तर मांडतो. परंतु ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना वरचेवर पडणाऱ्या चिरांचा निकाल मात्र ‘उष्णता झाली असेल, साय लाव’ एवढ्याच वाक्याने घरोघर लावला जातो. माझ्या बाबतीतही साजूक तूप झाले, गुलकंद झाला, सब्जाचे पाणी झाले, औषधांच्या दुकानातून आणलेल्या ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्याही झाल्या. तरी जांभई देताना कातडी पुन्हा उलत असे, आमटीचा पहिला भुरका झोंबत असे, आणि सकाळी कोपऱ्यांवरचा पांढुरका, ओलसर पापुद्रा पुसताच खालची लालबुंद जागा उघडी पडत असे.

या गोळ्यांमागे खरा इतिहास आहे. 1930 नंतरच्या दशकात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक्रॉइड व त्यांचे सहकारी यांनी अशा चिरांचा संबंध आहारातील उणिवेशी जोडला, आणि 1938 मध्ये अमेरिकेत सेब्रेल व बटलर यांनी रायबोफ्लेविन म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाच्या अभावाने त्या उद्भवतात असे दाखवले. परंतु कारणांची यादी तेथे संपत नाही, याची प्रचीती मला दंतवैद्यांकडे आली. त्यांनी प्रथम माझी कवळी मागून घेतली. तिचे दात झिजल्यामुळे तोंड मिटताना जबडे प्रमाणाबाहेर जवळ येत, कोपऱ्यांना घडी पडे, आणि त्या घडीत लाळ साचून राही. अशा ओलीत कॅन्डिडा ही बुरशी, आणि पुष्कळदा तिच्या जोडीला जिवाणूही, ठाण मांडतात. रात्रंदिवस तोंडात राहणारी कवळी त्या बुरशीला कायमचा आसरा देते. तुपाने लाळेला आडोसा होतो, बुरशी हटत नाही. पुढे रक्ततपासणीत लोहही कमी निघाले.

म्हणून समदुःखितांस माझे सांगणे असे की, चिरा बऱ्या होऊन पुन्हा पुन्हा उद्भवत असतील तर मलम बदलण्यापूर्वी कारणाचा शोध घ्यावा. कवळी असल्यास ती सैल अथवा झिजलेली नाही याची खातरजमा करून घ्यावी, रोज घासावी, आणि रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब-12 व रक्तातील साखर तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहातही ही बुरशी बळावते, आणि निव्वळ शाकाहारी माणसांत ब-12 ची उणीव वारंवार आढळते. बुरशीनाशक मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे, चीर दिसेनाशी झाली म्हणून मध्येच सोडू नये. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्यास तीही आधी सांगावी, कारण मायकोनॅझोल या बुरशीनाशकाशी तिचे जमत नाही. स्टिरॉइडमिश्रित मलम स्वतःच्या मर्जीने लावू नये. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. ओठ कोरडे वाटले तरी जिभेने ओलावू नयेत.

एक गोष्ट मात्र सर्वांहून निराळी. एकाच बाजूला, कडक लागणारी, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, आणि विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर तिला चीर समजून घरी बसू नये. मुखरोगतज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी, कारण मुखाचा कर्करोग लवकर ओळखला गेला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते.